दारव्ह्याची वाट

नागपूरहून यवतमाळला जायचे म्हणजे बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब ही वाट. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. देवळी सोडली की वर्धा नदीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की आपला यवतमाळ जिल्हा. जानेवारीत या वाटेने जावे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी असते, शेवटची वेचणी चाललेली असते, बाया ओटीत कापूस घेऊन वाकलेल्या दिसतात. तुरीचे ढीग लागलेले असतात. रिंगणी भरलेले कापसाचे ट्रॅक्टर एसटीच्या पुढे डुलत जातात आणि आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकतो.

मी छापखान्यात बाइंडिंगचे काम करणारा माणूस. नागपुरात येऊन अठ्ठावीस वर्षे झाली. गाव दारव्हा तालुक्यातले. वर्षातून तीन-चार वेळा ही वाट होतेच. पण खरे सांगतो, त्यातली पहिली वीस वर्षे मी फक्त गावी जात होतो. मित्र गावात राहत होता म्हणून भेट व्हायची, एवढेच. गेली आठ वर्षे मी ठरवून मित्राकडे जातो. महिन्याचा दुसरा रविवार त्याचा. हे दोन जाणे सारखे नाही, हे समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

माझ्या पिशवीत आता काय असते ते सांगतो. दोन लिटरची पाण्याची बाटली, लोकरीचे मोजे, एक मफलर आणि दोनशे पानी वही. हे सगळे आमच्या दोस्ताचे. त्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. आपल्या वस्त्यांत हे दोन शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत, पण माझ्यासारखे लोकही असतात ज्यांनी शब्द ऐकलेला असतो आणि अर्थ कधी विचारलेला नसतो.

यवतमाळला उतरलो की मी आधी चहा घेतो आणि मग दारव्ह्याची गाडी पकडतो. ही चाळीसेक किलोमीटरची वाट लहानपणी आम्ही एसटीने कधी केली नाही. तेव्हा शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेजची गाडी इंग्रज कंपनीने इथला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली आणि गरिबांनी ती आपली करून घेतली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, मँचेस्टरला बनवलेले. नंतर डिझेल आले, आणि आता तर गाडीच बंद आहे. रुळांत गवत उभे आहे. यवतमाळ, लासिना, लिंगटी, लाडखेड, तपोना, दारव्हा मोतीबाग ही स्टेशने आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती.

गाडी इतकी हळू चालायची की पोरे चालत्या गाडीतून उतरायची, बोरे तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. आम्ही सातवीत असू. मी उतरलो आणि त्याला म्हणालो, "मर्द असशीन तं उतर!" तो उतरला. डिसेंबरची सकाळ होती. पळाला, चढलाही. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस तो खाटेवर पडून ओरडत होता. हाडे फोडून काढावीत तसे दुखत होते म्हणे. त्याच्या मायने मला दारातून हाकलले. मी घरी येऊन म्हणालो, नाटक करते तो, शाळा बुडवाले.

"नाटक" हा शब्द पुढे तीस वर्षे त्याच्या मागे राहिला. गावात कुणी त्याला कामचोर म्हणायचे, कुणी म्हणायचे बाहेरचे लागले आहे. एका डॉक्टरने वात म्हणून गोळ्या दिल्या. निंदणाला गेला की दोन दिवस काम आणि चार दिवस खाट. शेवटी त्याने शिलाई मशीन घेतले. यवतमाळला १९८९ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. तिथे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याच्या रक्ताची तपासणी झाली आणि दुखण्याला नाव मिळाले. मी त्या वेळी नागपूरला होतो. त्याने पोस्टकार्ड टाकले होते. मी उत्तर दिले नाही. काय लिहावे ते सुचले नाही, असे मी स्वतःला सांगितले.

आता त्या नावाविषयी थोडे. निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल असते आणि साधारण १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, कडक होते, दहा-वीस दिवसांत मरते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. आणि या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढे रक्त जात नाही, तिथे दुखते. थंडी, तहान, ताप, अतिश्रम, यांतले काहीही त्याला निमित्त पुरते. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी, उपाशीपोटी, गाडीमागे पळणे. मी त्याला नेमके तेच करायला लावले होते.

अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे पहिले वर्णन लिहिले. भारतात १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींत हा गुण सापडला आणि १९५८ मध्ये डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी आपल्या मध्य भारतातील लोकांविषयी लिहिले. आपल्या समाजात तो आहे, गोंड-परधानांत आहे, इतर जातींतही आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने माणसे मारली तिथे हा गुण टिकला, कारण ज्याच्याकडे त्याची एकच प्रत असते, त्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. "तुमच्या लोकांचा आजार" असे कुणी तोंड वाकडे करून म्हणाले तर हे सांगावे. शाप नाही, पाप नाही. डासाशी झालेल्या लढाईचा हा हिशेब आहे, आणि तो आमच्या दोस्तासारख्यांनी चुकता केला.

असो. मी बदललो कसा ते सांगायचे राहिले.

आठ वर्षांपूर्वीची अशोक विजयादशमी. त्याला दीक्षाभूमीला यायचे होते. तोवर खुब्याचे हाड झिजून तो काठी घेऊन चालू लागला होता. मी मोठ्या तोंडाने म्हणालो, ये, मी आहे ना. तो आला. ऑक्टोबरचे ऊन, मुंगीला वाट नाही अशी गर्दी. मी त्याला एका झाडाखाली बसवले, दोन्ही पिशव्या त्याच्याजवळ ठेवल्या आणि म्हणालो, पुस्तकांचे स्टॉल पाहून अर्ध्या तासात येतो. स्टॉलवर जुने छापखान्यातले लोक भेटले. चहा झाला, गप्पा झाल्या, पुन्हा चहा झाला. परत आलो तेव्हा चार तास झाले होते. झाडाखाली पिशव्या होत्या, तो नव्हता. पाण्याची बाटली माझ्या खांद्यावरच्या झोळीत होती.

स्वयंसेवकांनी त्याला उचलून उपचाराच्या मंडपात नेले होते. सलाईन चालू होते. ओठ फुटले होते. मला पाहून त्याने हळूच विचारले, "भेटली का बे पुस्तकं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री घरी त्याने एवढेच म्हटले, "तू वाईट नाई बे. तुले माह्या दुखन्याचं काय कराव ते समजत नाई, म्हनून तू पळते." हे अगदी खरे होते. मला त्याच्याविषयी माया होती. पण माया असणे आणि पाणी जवळ ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मी सुधारायला निघालो, आणि आधी सगळे चुकीचेच केले. पहिल्याच महिन्यात सहाशे रुपयांचे लोहाचे टॉनिक नेले. रक्त कमी आहे ना, मग लोह पाहिजे, हे माझे डोके. वहिनींनी बाटली हातात घेतली, "बरं केलं भाऊजी" म्हणाल्या आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवली. पुढे आशाताईंकडून कळले की सिकलसेलच्या रुग्णाने तपासणीशिवाय लोह घ्यायचे नसते. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात लोह आधीच साचत जाते. त्याला लागते फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया, तीही न चुकवता आणि मधूनमधून रक्त तपासून. ती बाटली अजून त्या फळीवर आहे. वहिनी ती टाकत नाहीत. मला वाटते मुद्दाम टाकत नाहीत.

दुसरी चूक उपदेशाची. पाणी पी, खर्रा सोड, उन्हात जाऊ नको, थंडीत जाऊ नको. एके दिवशी तो भडकला. "डाक्टर हायेत मले. तू दोस्त हो नं." त्याचा स्वभावही काही गोड नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. दुखत असताना तो समोरच्याला फाडून खातो, आणि दुखत असल्याचे मात्र कबूल करत नाही.

तेव्हा मी वही केली. बाइंडरचा हात, वही तरी चांगली बांधता येते. वहिनींना विचारून लिहीत गेलो. दुखणे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो कसा वागतो? गप्प होतो, उजवी मांडी चोळतो. अशा वेळी काय केलेले चालते? कोमट पाणी, पांघरूण, जवळ बसणे. काय चालत नाही? बर्फाचा शेक, गर्दी, "कसं वाटते" असे दर पाच मिनिटाला विचारणे. कोणत्या वेळी घरी थांबायचेच नाही? ताप चढला, छातीत दुखले, धाप लागली, अंगाचा एखादा भाग लुळा पडला, जीभ जड झाली, तर वाट न पाहता दवाखाना. हे पान मी दोनदा लिहिले आणि एक कापून त्यांच्या दाराच्या मागे चिकटवले. रात्री गाडी कुणाची मिळेल त्याचे दोन नंबर खाली लिहिले.

फोनचाही वार ठरवला. गुरुवार, रात्री आठ. आधी मी आठवण आली की फोन करायचो, आणि आठवण कधी यायची तर मला काही काम असले की. पहिले दोन महिने तो वैतागला. "काहून बे, मेलो का पाहाले फोन करते का?" तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी छापखान्यात रात्रपाळी लागली आणि फोन राहिला. नऊ वाजता त्याचा आला.

फोनवर "बरा आहेस ना?" हे विचारणे मी बंद केले. त्या प्रश्नात उत्तर आधीच कोंबलेले असते, समोरच्याने फक्त हो म्हणायचे असते. दवाखान्यात दहापैकी किती दुखते असे विचारतात. त्याला आकडे आवडत नाहीत. त्यानेच मग आपली मोजपट्टी काढली, शकुंतलेची. "आज लासिन्यावर हाय" म्हणजे सोसण्यासारखे. लाडखेड आले की मशीन बंद, खाट. तपोना म्हटले की वहिनी पिशवी भरतात. मोतीबाग म्हणजे गाडी बोलवा. ज्या गाडीमागे मी त्याला पळवले त्याच गाडीची स्टेशने. मला हे त्याने हसत सांगितले. मला हसता आले नाही.

विहारात एकदा भन्तेजींनी महावग्गातली गोष्ट सांगितली होती. अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूजवळ भगवान बुद्ध थांबले आणि त्यांनी विचारले, तुझी सेवा करणारा कुणी नाही का? तो म्हणाला, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हतो, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. मग आनंदाने पाणी आणले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पण तिच्या पुढे शुश्रूषा करणाऱ्याला काय काय यावे लागते त्याची यादी आहे, ती मात्र कधी ऐकल्याचे आठवत नव्हते. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, मोबदल्यासाठी करू नये, घाणीची किळस करू नये, रोग्याला अधूनमधून उभारी द्यावी. म्हणजे मन चांगले आहे एवढ्यावर तिथेही भागत नाही, काम यावे लागते. आणि रोग्यासाठीही नियम आहे, त्याने आपले दुखणे खरे खरे सांगावे. हे मी आमच्या दोस्ताला मुद्दाम वाचून दाखवले. "तुह्याच कामाचं वाचते तू," म्हणाला. पण तेव्हापासून मांडी चोळायच्या आधी सांगतो.

वहीतली दुसरीही काही कामे झाली. मशीन पायाने मारून खुबा दुखायचा, तर जुनी मोटर बसवून घेतली. अपंगांच्या हक्कांचा जो कायदा २०१६ मध्ये झाला त्यात सिकलसेलचे नाव आहे. प्रमाणपत्रासाठी यवतमाळच्या तीन खेपा झाल्या. त्या तिन्ही खेपांना मी रजा टाकून गेलो. रांगेत मी उभा, तो बाकावर, पाण्याची बाटली त्याच्याजवळ. त्यातल्या एका खेपेला त्याने मला बाटली दाखवून डोळा मारला.

आता गेल्या जानेवारीची गोष्ट. खरे म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. आमच्या मुलीने तपासणी करून घेतली. तिचा अहवाल आला, एएस, वाहक. एएस म्हणजे आजारी नव्हे, ती ठणठणीत आहे, दोन पाळ्यांत काम करते. पण हे आले कुठून म्हणून आम्ही नवराबायकोनेही रक्त दिले. माझेच निघाले. ज्याला मी नाटक म्हणालो तो विळा अर्धा माझ्याही अंगात होता, आणि पंचावन्न वर्षांत मला त्याने एकदाही टोचले नव्हते. (हे मी मुलीला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, लिहा, लपवायचे काय त्यात.)

लपवायचे मात्र मीच ठरवले होते. पुलगावकडचे एक स्थळ जवळजवळ पक्के झाले होते. चांगली माणसे, मुलगा रेल्वेत. मुलगा एए असला तर काहीच चिंता नाही, लेकरे फार तर वाहक होतील. पण तोही एएस असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. चिठ्ठ्या दर वेळी नव्याने टाकल्या जातात. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचे भय संपत नाही. हे सगळे मला पाठ होते. तरी सोयऱ्यांना सांगायला जीभ उचलेना. लग्न मोडले तर? वस्तीत बोभाटा झाला तर? मुलगी म्हणत होती सांगा, आणि मी म्हणत होतो, पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या रविवारी दोस्ताकडे गेलो. ओसरीत तो उन्हात बसला होता, पायात मी नेलेले मोजे. जयभीम झाला, पाणी झाले. मी त्याचे स्टेशन विचारले. "लासिना," म्हणाला. मग माझ्याकडे नीट पाहून, "तुहं कोनतं बे आज?"

मी सांगितले. सगळे. तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी आत तुरी पाखडत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

"माह्या मायले अन् बापाले कोनी सांगतलं नोयतं," तो म्हणाला. "त्याइले मालूमच नोयतं. तुले तं मालूम हाय."

मी म्हणालो, स्थळ जाईल.

"जाईन तं जाईन. लाव फोन. मी हावो न अठी."

त्याच ओसरीतून मी पुलगावला फोन लावला. माझ्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते. दोनदा एएसचे एसएस झाले, आणि दोन्ही वेळा त्याने बाजूने दुरुस्त केले. पलीकडे मुलाचे वडील गप्प. मग त्यांनी विचारले, म्हणजे आमच्या पोराची तपासणी करावी लागेल? मी हो म्हणालो. करू, म्हणाले. आवाजावरून काही कळले नाही. फोन ठेवला तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. दोस्ताने आपली बाटली माझ्यापुढे सरकवली.

परत येताना दारव्हा सोडले तेव्हा सूर्य मावळत होता. लाडखेडजवळ रूळ दिसतात का म्हणून मी नेहमी खिडकीतून पाहतो. त्या दिवशी विसरलो. कळंबला गाडी थांबली तेव्हा लोक चहाला उतरले, मी बसूनच राहिलो.

मुलाचा अहवाल हे लिहीपर्यंत आलेला नाही. या गुरुवारी आठ वाजायच्या आतच फोन वाजला. त्याचाच होता.

"काय बे," म्हणाला, "कोनत्या ठेसनावर हायेस?"